काळोखाचे भाषांतर

एखादी आकृती चित्रातून कापून वेगळी काढायची, तिच्या हालचालीचे दहाबारा टप्पे एकामागून एक लावायचे आणि भोवतालची जागा पारदर्शक ठेवायची, हे काम आज संगणकावर थोडीफार गती असलेला विद्यार्थी एका बैठकीत करतो. जुन्या चित्रांना असे हालते करण्याची हौस वाढते आहे. हौसेला माझा विरोध नाही. माझा आक्षेप ‘पारदर्शक’ या शब्दाला आहे. निदान एका बाबतीत तरी तो शब्द मला चुकीचे भाषांतर वाटतो.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ लोकांपुढे आणली. नावात शंबरासुराची माया आहे. लहान काचांवर हाताने पात्रे रंगवलेली, एकाच पात्राच्या हालचालीचे टप्पे निरनिराळ्या काचांवर, आणि एकाहून अधिक दिवे. काचा भराभर बदलल्या की पडद्यावरचे पात्र हालू लागे. सोबत निवेदन आणि संगीत असे. पुढे रामचंद्र आणि विनायक या पुत्रांनी हे खेळ चालवले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्यामुळे आपल्या चित्रपटेतिहासांत खरोलिकेला बहुधा ‘पूर्वपीठिका’ या प्रकरणातला एखादा परिच्छेद मिळतो. असो.

या काचांवर पात्राभोवतीची जागा काळी असते. दिव्याचा उजेड केवळ पात्रातून पार व्हावा, बाकी अडावा, ही त्यामागची योजना. म्हणजे काच हातात धरली तर पार्श्वभूमी पूर्ण अपारदर्शक आहे. पडद्यावर मात्र ती नाहीशी होते, कारण पडद्यावर काळा रंग म्हणजे उजेडाचा अभाव. दुसऱ्या दिव्याने तिथे अरण्य किंवा राजवाडा टाकता येतो. इथपर्यंत आजच्या पारदर्शक पार्श्वभूमीशी साम्य दिसते, आणि आपण खूश होतो की आपल्याकडे हे आधीच होते! पण दोन दिव्यांच्या उजेडांची पडद्यावर बेरीज होते. पात्र मागच्या उजळ राजवाड्याला झाकू शकत नाही, राजवाडा त्याच्या अंगातून दिसत राहतो. पात्र ठसठशीत दिसायचे तर त्याच्यामागे काळोखच हवा. संगणकावरचे कापलेले पात्र मागचे सगळे खुशाल झाकते. ते पांढऱ्याशुभ्र पानावरही उभे राहते. काळोखातून प्रकटणाऱ्या रावणाला पांढऱ्या पानावर उभे केले की तो पंचांगातल्या चित्रासारखा दिसू लागतो.

कापण्याच्या रीतीतही गोम आहे. जीआयएफ हा प्रकार १९८७चा. १९८९च्या सुधारणेत त्याला पारदर्शकता मिळाली, पण ती हो किंवा नाही एवढीच. बिंदू एक तर पूर्ण दिसेल, नाही तर अजिबात दिसणार नाही. पात्राच्या कडेशी रंग आणि काळे जिथे एकमेकांत मिसळले, जिथे कुंचला किंचित घसरला, ती जागा या हिशेबात बसत नाही. एक तर कड करवतीने कापल्यासारखी होते, नाही तर तिच्याभोवती मळकट रेघ उरते. पीएनजीत पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळतात, त्याचे हालते रूपही आहे. मग जीआयएफचा आग्रह कशासाठी? हस्तलिखितातली खाडाखोड पुसून संहिता छापणाऱ्या संपादकाला आपण क्षमा करत नाही. इथेही तोच नेम लावावा.

मला याहून गंभीर वाटते ती वेळेची गोष्ट. संगणकावर प्रत्येक चौकट सेकंदाच्या किती शतांश थांबेल हे आधी ठरवावे लागते, आणि मग ती चक्रगती अखंड चालते. खरोलिकेत काच बदलणारा हात होता आणि शेजारी बोलणारा माणूस होता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात (केळकर स्वतः ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत) पैठण शैलीची चित्रकथीची चित्रे आहेत. त्यांतही पात्रांमागचा कागद बराचसा कोराच असतो. अरण्य कथेकऱ्याच्या शब्दांत येते, आणि पुढचे पान केव्हा दाखवायचे हेही तोच ठरवतो. या दोन्ही कलांमधली मोकळी जागा निवेदनासाठी राखलेली असते. निवेदन काढून घेतले की उरते ती एकच उडी पुन्हापुन्हा मारणारी आकृती.

म्हणून हे काम एकट्या संगणकवाल्यांवर सोडू नये. साहित्याच्या विभागांनी त्यात पाठचिकित्सेची शिस्त आणावी. मूळ काचेचे कडेपर्यंतचे पूर्ण छायाचित्र, काळ्या रंगासकट, वेगळे जपावे. कापलेल्या प्रतीवर ‘संपादित’ असे स्पष्ट लिहावे. चौकटींचा क्रम आणि वेग कोणी, कशाच्या आधारे ठरवला याची नोंद ठेवावी. आणि वर्गात दाखवताना यंत्राला आपोआप फिरू देऊ नये. खोलीत अंधार करावा, एका विद्यार्थ्याने कथा सांगावी आणि दुसऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहत चौकटी पुढे सरकवाव्यात.