कळवळा अभ्यासही मागतो

मंडळीत सेवेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: मन शुद्ध असलं की पुरे, बाकी प्रभू पाहून घेईल. मला ते पटत नाही, आणि पवित्र शास्त्राचाही त्याला आधार नाही. ज्ञानावाचूनचा उतावळेपणा बरा नव्हे, असं नीतिसूत्रांच्या १९व्या अध्यायात बजावलं आहे. रोमकरांस लिहिताना पौल आपल्याच बांधवांच्या देवाविषयीच्या आवेशाची ग्वाही देतो आणि त्या आवेशाला ज्ञानाची जोड नाही म्हणून कळवळतो.

कुष्ठरुग्णांचंच पाहा. येशूनं कुष्ठरोग्याला स्पर्श केला, म्हणून त्याच्या अनुयायांनी शतकानुशतकं या माणसांना आसरा दिला, त्यांच्या जखमा धुतल्या. मायेत काही उणं नव्हतं. तरी बोटं जातच राहिली, कारण या रोगात मांस आपोआप सडतं, असं सगळे धरून चालले होते. १८७३मध्ये नॉर्वेत हॅन्सेन यांना जंतू सापडला, तरी हा समज हलला नाही.

तो हलवला डॉ. पॉल ब्रँड यांनी. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईवडिलांच्या घरी जन्मलेले हे शल्यविशारद १९४६मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. चिंगलपेटच्या कुष्ठधामात त्यांनी रुग्णांचे आखडलेले हात हातात घेऊन तपासले. काही स्नायू लुळे पडले होते, पण काही चांगले दणकट होते. त्या शाबूत स्नायूंच्या जोरावर शस्त्रक्रियेनं बोटं पुन्हा चालती करता येतील, हे त्यांनी दाखवून दिलं. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एका रुग्ण मुलानं किल्ली सहज फिरवली. बोट हाडापर्यंत कापलं होतं, पण त्याला पत्ताच नव्हता. असं एकेक पाहत कोडं सुटलं: वेदना कळत नाही म्हणून चटके, काप, फोड दुर्लक्षित राहतात, चिघळतात आणि बोट जातं. रात्री उंदीर कुरतडायचे तरी झोपलेल्याला जाग येत नसे. उपाय काय, तर रुग्णांना मांजरं दिली! पायांसाठी मऊ रबराच्या चपला केल्या. आज तशीच ‘एमसीआर’ चप्पल मधुमेहींनाही देतात.

पण मला याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. हात सुधारलेले काही रुग्ण परत आले आणि म्हणाले, आता भीकही मिळत नाही आणि कामही कोणी देत नाही. ब्रँड दुखावले नाहीत, त्यांनी ऐकून घेतलं. मग या माणसांना सुतारकामासारखं हातचं काम शिकवायची सोय झाली.

ज्ञान फुगवतं असंही पौलच म्हणतो, हे मला कोणी ऐकवेल. तो इशारा ज्ञानाच्या जोरावर दुबळ्या भावाला तुच्छ लेखणाऱ्यांना आहे. शेजाऱ्याचं दुखणं समजून घेण्याचे कष्ट टाळायला ती सबब होऊ शकत नाही. आपल्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब मोजतात, आठवडाभराच्या गोळ्या देतात, प्रार्थना होते, छायाचित्र निघतं. आठव्या दिवशी त्या आजीबाईंनी काय करायचं, हे आपण कुणाला विचारलेलं नसतं. रक्तदाबाचं औषध मध्येच सुटणं धोक्याचं असतं, हे ठाऊक नसलं की आपण चार लोकांचं भलं केलं, याच समाधानात घरी येतो.

नाताळच्या शिबिराची तयारी सुरू असेल, तर पहिली बैठक गावातल्या आशाताईंबरोबर घ्या. कुणाच्या पायाची जखम भरत नाही, कुणाच्या गोळ्या संपल्यात, सरकारी दवाखान्यात काय मिळतं, हे सगळं त्यांना माहीत असतं. वर्गणीची पावती-पुस्तकं त्यानंतर छापा.