पाटावरचा नाग, पिंजऱ्यातला पोपट आणि आपण

श्रावण लागला की आपल्या उज्जैनला नागपंचमीचे वेध लागतात. महाकालेश्वर मंदिराच्या वरच्या मजल्यावर असलेल्या नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून फक्त याच दिवशी, चोवीस तासांसाठी उघडते. आदल्या रात्रीपासून रांगा लागतात आणि बाहेरगावचे पाहुणे आपल्याकडे मुक्कामाला येतात. याच सुमारास टोपली घेऊन फिरणारे गारुडीही दिसतात. झाकण उघडले की नाग फणा काढतो, कोणी वाटीत दूध आणते, मुले मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि दहा-वीस रुपये टोपलीत पडतात.

मित्रांनो, नाग दूध पीत नाही. उंदीर, बेडूक हे त्याचे अन्न. बरेच दिवस उपाशी-तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते पितो आणि आपण त्याला चमत्कार म्हणतो. अशा नागांचे दात बहुधा मोडलेले असतात, कधी तोंडही शिवलेले असते. सण संपल्यावर ते फार दिवस जगत नाहीत.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. नाग पकडणे, बाळगणे, त्याचे खेळ करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा जिवंत नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध होते. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तिथल्या नागांच्या मिरवणुका आणि खेळ बंद पडले व प्रतिमेची पूजा होऊ लागली. ‘परंपरा बुडाली’ असे तेव्हा अनेकांना वाटले. पण आपल्या आजीने काय केले ते आठवा. तिने पाटावर चंदनाने नाग काढला, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवला, पुरणाचे दिंड उकडले. त्या दिवशी घरात काही चिरले नाही, तळले नाही. शेतकरी तर नांगरही धरत नाही, मातीतल्या जिवाला इजा नको म्हणून. ही आपली परंपरा. तिला टोपलीतला नाग कधीच लागला नाही.

हे सगळे नागापुरतेच नाही. मागे हळदीकुंकवाला एका मुलीने मला विचारले, “काकू, आमच्या बिल्डिंगमध्ये एकांकडे हिरवा पोपट आहे आणि दुसऱ्यांनी मकाऊ आणलाय. दोन्ही चालतात का?” प्रश्न फार चांगला होता, म्हणून उत्तर इथे सगळ्यांसाठी देते.

आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट हा भारतीय वन्य पक्षी आहे. तो पिंजऱ्यात ठेवता येत नाही, मग त्याला ‘विठू’ म्हणा की ‘मिठू’. चांदण्यांच्या नक्षीचे तारा कासवही तसेच. ‘आमच्याकडे दहा वर्षांपासून आहे, घरच्यासारखा वाढवलाय’ हे कायद्यापुढे चालत नाही. मात्र हे वाचून पिंजऱ्याचे दार उघडून मोकळे होऊ नका. पंख कापलेला, माणसाच्या हातून खायची सवय झालेला पक्षी बाहेर तग धरत नाही. वनविभागाला कळवा आणि त्यांच्या हवाली करा.

मकाऊ, आफ्रिकन ग्रे पोपट, इग्वाना, बॉल पायथन हे परदेशी प्राणी. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांची यादी २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात चौथी अनुसूची म्हणून आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. पिल्ले झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवावे लागते. लव्हबर्ड घेताना जात नीट विचारा, कारण त्यांच्या काही जाती यादीत आहेत. बजरीगर आणि कॉकटील यादीत नाहीत. दुकानदार ‘कागद नंतर देतो’ म्हणाला, तर प्राणी घेऊच नका.

आणखी एक गोष्ट. दोन रुपयांच्या नाण्याएवढे, कानाजवळ लाल पट्टा असलेले कासव मुलांच्या हट्टापायी घरी येते. ते अमेरिकेतले. बघता बघता ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. मग कंटाळून कोणीतरी ते ‘पुण्य लागेल’ म्हणून क्षिप्रेत सोडते. तिथे ते आपल्या देशी कासवांच्या जागेवर आणि अन्नावर हक्क सांगते. यात पुण्य कसले?

आता तक्रारीबद्दल. टोपलीतला नाग, विकायला ठेवलेले पोपट, कासव असे काही दिसले, तर वनविभागाच्या कार्यालयात कळवा. पाळीव किंवा भटक्या जनावराला कोणी मारत असेल, तर ११२ वर पोलिसांना फोन करा. जखमी गाय-बैलासाठी आपल्या राज्यात १९६२ हा पशुचिकित्सेचा क्रमांक आहे. फोटो, वेळ आणि ठिकाण नोंदवून ठेवा. स्वतः साप पकडायला जाऊ नका, भांडणही करू नका.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे फक्त १० ते ५० रुपये! म्हणून ‘तक्रार करून काय होणार?’ असे लोक विचारतात. पण जनावराला ठार मारणे, विष घालणे, अपंग करणे यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३२५ आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

गारुड्याचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे पोट यावर आहे हे खरे. त्याच्यावर राग धरून उपयोग नाही. पण दहा रुपयांची नोट आपल्याच खिशातून जाते. ती गेली नाही, तर पुढच्या श्रावणात नाग पकडायचे कारण उरत नाही. त्या माणसाला मदतच करायची असेल, तर त्याच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांना पैसे द्या.

या नागपंचमीला घरातल्या लहानांना पाटावर नाग काढायला बसवा. आजी असेल तर तिला शेजारी बसवा. चित्र वाकडेतिकडे आले तरी चालेल.