गवताला वाळू द्या

एप्रिलमधला शनिवार, कर्जतजवळचा एक व्हिला. आम्ही दहा जणांनी पैसे वाटून घेतलेला. सगळं अगदी फोटोत होतं तसंच : निळाशार पूल आणि त्याच्या चारही बाजूंनी हिरवंगार गवत. अकराच्या सुमारास चपला काढून मी पूलकडे निघाले आणि चार पावलांत उड्या मारत परत आले. तळवे तव्यावर ठेवल्यासारखे भाजले होते.

थोड्या वेळाने तिथे काम करणाऱ्या मावशी पाइप घेऊन आल्या आणि त्या गवतावर पाणी मारायला लागल्या. मी विचारलं, "मावशी, हे प्लॅस्टिकचं आहे ना? याला पाणी कशाला?"

"गवताला नाय ताई, तुमच्या पायांना. पाव्हणे असले की दुपारपर्यंत तीनदा मारायला लागतं."

त्यांच्या वाडीत उन्हाळ्यात टँकर येतो, तोही दिवसाआड, हे नंतर जेवण वाढताना त्यांच्या बोलण्यात आलं.

'पाणी लागत नाही' असं सांगून विकलेल्या गवतावर दिवसातून तीनदा पाणी मारायचं, यात त्या मावशींची चूक नाही आणि एकट्या मालकाचीही नाही. ती वस्तूच तशी आहे. खरं गवत मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून हवेत सोडतं आणि आपल्या घामासारखं स्वतःला गार ठेवतं. पॉलिथिलीनच्या पात्याला ते जमत नाही, ते नुसतं तापतं. अमेरिकेत युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली आपल्याच मैदानावर मोजलं, तेव्हा हवा ३७ अंशांच्या आसपास असताना कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेला होता. पाणी मारल्यावर तो निवला, आणि वीसेक मिनिटांत पुन्हा चटके देण्याइतका तापला.

हे गवत जन्माला कुठे आलं, तेही बघण्यासारखं आहे. १९६५ साली ह्यूस्टनमध्ये अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं बेसबॉलचं स्टेडियम उघडलं. आत खरं गवत लावलं होतं आणि छताला पारदर्शक तावदानं होती. त्या झगमगाटात खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन बंद झालं, गवत मेलं. १९६६ मध्ये त्या जागी नायलॉनचं गवत अंथरलं आणि त्याला नाव मिळालं अ‍ॅस्ट्रोटर्फ. म्हणजे जिथे ना ऊन पोचतं ना पाऊस, तिथली ही सोय. ती आपण कुठे आणली? तर जिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जूनच्या पंधरवड्यात सिमेंटच्या भेगेतूनही गवत वर येतं, अशा सह्याद्रीच्या पायथ्याशी.

ते बसवायचं कसं? आधी वरची चार-पाच इंच माती उकरून फेकायची. तिथे खडी आणि कच दाबून घ्यायची, वर कापड अंथरायचं, मग गवताचे रोल पसरून सांधे चिकटवायचे आणि पात्यांत वाळू भरायची. गांडुळं, मुंग्या, बिया, सगळ्यांची सुट्टी. दहा-पंधरा वर्षांत उन्हाने पाती ठिसूळ होऊन तुटतात आणि त्यांचे तुकडे पावसाबरोबर ओढ्याला जातात. उरलेला रोल म्हणजे प्लॅस्टिक, लॅटेक्स आणि वाळू यांचं घट्ट मिश्रण, त्यामुळे त्याचा पुनर्वापर फार अवघड. भंगारवालाही त्याला हात लावत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो : मग खरी हिरवळ ठेवली तर मे महिन्यात तिला पाणी जास्त लागेल. बरोबर आहे. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या लास व्हेगासमध्ये हा हिशेब खराच मांडावा लागतो. तिथे नुसतं शोभेचं गवत कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर पोसायला २०२७ पासून बंदी घालणारा कायदा नेवाडा राज्याने २०२१ मध्ये केला. ती बंदीही व्यावसायिक आणि सामाईक जागांपुरती आहे, घरांच्या अंगणांना नाही. पण आपल्याकडे पाणी वाचवण्याची ही कळकळ पूलच्या काठावरच का जागी होते? आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सव्वा मीटर खोल पूलमध्ये चाळीस हजार लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे चार टँकर. ते भरून झाल्यावर काठावरच्या गवताच्या पाण्याची काटकसर सांगणं म्हणजे चार बोहण्या गिळून ढेकर लपवणं.

दुसरा आक्षेप : मातीचे पाय पूलमध्ये जातात. त्यालाही सोपं उत्तर आहे. काठाला फिकट रंगाची खडबडीत फरशी घाला, पलीकडे करंज किंवा बहावा लावा, आणि उरलेली जमीन तशीच सोडा. तिथे हरळी आपोआप येईल. हरळी म्हणजे आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा. जगभरच्या क्रिकेट मैदानांवर आणि गोल्फ कोर्सवर 'बर्म्युडा ग्रास' म्हणून मिरवते तीही हीच. पाणी नसलं की ती वरून वाळते, जमिनीखाली जिवंत राहते आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटते. तिला उन्हाळ्यात फक्त पिवळं होऊ द्यावं लागतं.

खरी अडचण तिथेच आहे. आपल्याला पिवळं नको असतं. फोटोत बारा महिने जून दिसायला हवा असतो. आणि मालक ते गवत त्याच्या हौसेखातर घालत नाही, आपण फोटो बघून बुक करतो म्हणून घालतो. माझ्याही रीलमध्ये ते गवत आलं होतं, आणि 'किती ग्रीन आहे' म्हणणाऱ्या कमेंटला मी हार्ट दिलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी बुकिंग करताना एवढंच विचारा : गवत खरं आहे का, आणि एप्रिलमध्ये पूलचं पाणी कुठून येतं? परत आल्यावर रिव्ह्यूमध्ये 'पाय भाजले' असं स्पष्ट लिहा. मालक रिव्ह्यू वाचतात. मावशींचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचत असेलच असं नाही.