वरिष्ठांना कळविले, पुढे काय?

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचे चरित्र शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे. लंबगोल चेंडूच्या त्या अमेरिकी फुटबॉलचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून ते १९५० मध्ये विद्यापीठात आले. १९६६ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाल्यावर ४६ हंगाम त्यांनी ते पद भूषविले. दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे आणि ४०९ विजय त्यांच्या नावावर आहेत. खेळाडूने आधी विद्यार्थी असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांनी मुक्तहस्ते साहाय्य केले.

अशा माणसाची कसोटी मैदानाबाहेर लागली. त्यांचे माजी सहकारी जेरी सँडस्की यांना स्नानगृहात एका मुलाशी दुर्वर्तन करताना पाहिल्याचे एका कनिष्ठ साहाय्यकाने २००१ मध्ये पॅटर्नो यांना सांगितले. त्यांनी ते वरिष्ठांना कळविले. प्रकरण विद्यापीठाच्या अध्यक्षांपर्यंत गेले. पोलिसांपर्यंत मात्र गेले नाही. सँडस्की यांना अटक झाली ती २०११ मध्ये. मधल्या काळात आणखी मुले अत्याचाराला बळी पडली. २०१२ मध्ये ४५ आरोपांवर सँडस्की दोषी ठरले.

पॅटर्नो यांच्यावर खटला झाला नाही. कायद्याने आवश्यक तेवढे त्यांनी केले होते, आणि नेमकी हीच या प्रकरणातील शोकांतिका आहे. विद्यापीठात त्यांच्या शब्दाचे वजन अध्यक्षांपेक्षाही अधिक मानले जाई. एवढा अधिकार असलेल्या माणसाने आपले कर्तव्य एखाद्या कनिष्ठ लिपिकाप्रमाणे कागद पुढे सरकविण्यापुरते मर्यादित मानावे, याचे समर्थन कसे करणार? नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. जानेवारी २०१२ मध्ये ते निवर्तले.

क्रीडा महामंडळाने २०१२ मध्ये त्यांचे १११ विजय रद्द केले आणि २०१५ मध्ये ते परत बहाल केले. विजयांचे आकडे असे पुसता येतात आणि पुन्हा लिहिताही येतात. त्या मुलांचे बालपण कोणत्याही ठरावाने परत मिळणार नाही. पेन्सिल्व्हेनिया राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलला. आता अशी माहिती मिळालेल्या शिक्षकाने किंवा कर्मचाऱ्याने केवळ वरिष्ठांना सांगून भागत नाही. ती थेट शासकीय यंत्रणेला द्यावी लागते. संस्थेची प्रतिष्ठा जपण्याच्या नादात मौन बाळगणाऱ्यांना हा कायदा एवढेच बजावतो, की जबाबदारी वर पाठविली म्हणजे ती संपत नाही.