खडा गव्हाणीतच तयार होतो

बकरी ईद जवळ आली की बोकडाला भाव येतो आणि नेमका तेव्हाच निरोप येतो, "साहेब, बोकड कुंथतंय, पण लघवी होईना." मालकाला वाटते पोट फुगले. तो तेल पाजतो, त्यात दिवस जातो. मूत्राशय फुटले की डॉक्टरच्या हातीही फारसे राहत नाही.

हा मुतखडा बहुतेक वेळा आपणच चारलेला असतो. वजन लवकर वाढावे म्हणून मका, ज्वारी, गव्हाचा भरडा, कोंडा दाबून देतात. धान्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. खाण्यात पाहिजे ते उलटे, कॅल्शियम दुप्पट. त्यात पिल्लू फार लहानपणी खच्ची केले तर मूत्रनळी अरुंदच राहते. शेळीची नळी आखूड व रुंद, म्हणून तिला हा त्रास क्वचित. (कुत्र्यालाही खडे होतात, पण त्याचे पथ्य निराळे. ते इथे लावू नये.)

तेव्हा भरडा आवरा, शेवरी, सुबाभूळ, कडबा वाढवा. मिठाने जनावर जास्त पाणी पिते, पण पाणीच नसेल तर मीठ वाढवू नका. नवसागर डॉक्टरांनी वजन पाहून सांगितला तरच. खालच्या केसांवर वाळूसारखे कण दिसले, थेंब थेंब लघवी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि पाणी? आपल्या बीडमध्ये टंचाईत टँकर लागतो. ग्रामपंचायतीने मागणी करतानाच गुरा-शेळ्यांचा आकडा लिहावा आणि हौद भरलेला ठेवावा.