फोटो पाठवा, पण मूळ प्रत घरात ठेवा

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याची गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी, बारावीची परीक्षा नुकतीच झालेली, नऊवारी नेसून आणि नथ घालून गुढीशेजारी उभी होती. इतकी गोड दिसत होती की मी माझ्या मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तिची मावशी म्हणाली, "ताई, जरा मोठा पाठवा ना, फ्रेम करायचीय." मी 'डॉक्युमेंट' करून मूळ फोटो त्याच ग्रुपवर टाकून मोकळी झाले.

दोन महिन्यांनी एसटी स्टँडसमोर दहा फुटी फ्लेक्स झळकला. साड्यांचा सेल, आणि मधोमध आमची पोर! चौकात लोक बोलायला लागले. वडिलांनी तिचा मोबाईल काढून घेतला. कॉलेजचा फॉर्म भरायचा नाही, असंही म्हणाले. चूक कुणाची आणि शिक्षा कुणाला, बघा. तिने तर तो फोटो कुठे टाकलाही नव्हता. टाकला होता मी.

मी दुकानात गेले. मालक म्हणाले, "वहिनी, फोटो तर सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. त्यात काय एवढं?" फ्लेक्स छापणारा मात्र खरं बोलला. "मूळ फोटो होता म्हणून एवढा छान छापला गेला," म्हणाला. ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

मैत्रिणींनो, याचं गणित सोपं आहे. मोबाईलमधला फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० आडवे आणि ३००० उभे ठिपके. कागदावर सुबक छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. म्हणजे तो फोटो १३ इंच बाय १० इंच इतका मोठा अगदी स्वच्छ छापता येतो. मोबाईलवर नुसता बघायला मात्र एवढे ठिपके लागतच नाहीत. तेव्हा बघायला लहान फोटो द्यावा, आणि छपाईचा मोठा आपल्याजवळ ठेवावा.

फोटो लहान कसा करायचा? माझी घरगुती युक्ती सांगते. आडवा फोटो फोन उभा धरून उघडा, स्क्रीनशॉट घ्या आणि आजूबाजूची काळी जागा कापून टाका. बहुतेक फोनवर तो १०८० ठिपक्यांच्या आसपास किंवा त्याहून लहान होतो. तो फार तर साडेतीन इंच रुंदीचा नीट छापला जातो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटोही आपोआप लहान होतो. 'डॉक्युमेंट' केला की मात्र मूळ आकारातच जातो. मी नेमकी तिथेच चुकले. मावशीला फ्रेमसाठी हवा होता, तर तिला एकटीलाच पाठवायचा होता.

एवढ्याने पूर्ण बंदोबस्त होतो असं मात्र समजू नका. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला कमी ठिपके चालतात. लहान फोटो मोठा करून देणारी एआयची अॅप्सही आता आली आहेत. म्हणून गटाच्या गोधड्या, रुखवत, रांगोळ्या यांचे फोटो टाकताना त्यावर गटाचं नाव घाला, आणि तेही कोपऱ्यात नको. कोपरा कात्रीसारखा कापला जातो. फिकट अक्षरांत मधोमध, डिझाइनवरूनच जाऊ द्या. फेसबुकवर २०२० पासून आपल्याकडे प्रोफाइल लॉक करता येतं, तेही करा. तरी ज्याला फोटो दिसतो, त्याला दुसऱ्या मोबाईलने त्याचा फोटो काढता येतोच, हे ध्यानात असू द्या.

आता कायद्याचं. 'नेटवर होता म्हणून घेतला' हे उत्तर कायद्यात बसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क सहसा तो काढणाऱ्याचा असतो, आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही. पैसे देऊन स्टुडिओवाल्याकडून काढून घेतला, आणि वेगळा करार नसला, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे तुमच्या लग्नाचा फोटो शोकेसमध्ये लावायला स्टुडिओवाल्यानेही तुम्हाला विचारायला हवं! शिवाय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

असा प्रकार दिसला तर आधी त्या फ्लेक्सचा तारखेसह फोटो काढून ठेवा, मग लेखी तक्रार द्या. फोटोत काही घाणेरडा बदल केला असेल तर लाजून गप्प बसू नका. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर किंवा थेट पोलीस ठाण्यात जा. आम्ही दुकानदाराला 'फोटो माझा, चेहरा तिचा, परवानगी कुणाची?' असा लेखी अर्ज दिला. संध्याकाळच्या आत फ्लेक्स उतरला.

वडिलांची समजूत काढायला मात्र चार दिवस लागले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "भाऊ, चूक माझी आहे, पोरीला घरात बसवू नका." फॉर्म शेवटच्या दिवशी भरला गेला. मुलींचे मोबाईल काढून घेणं सोपं असतं हो, पण त्याने दुकानदार शहाणा होत नाही आणि आपणही होत नाही.

हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, आपण किती सहज दुसऱ्यांचे फोटो पुढे ढकलतो! पंधरा दिवसांपूर्वी एका कार्यक्रमात मी त्याच मुलीचा फोटो काढला आणि विचारलं, "ग्रुपवर टाकू का गं?" ती म्हणाली, "टाका काकू, पण लहान करून!"