पळाल्यावर लागणारा दम

आमच्या माणमध्ये आयटी पार्क आलं, पाठोपाठ डंपर आणि धूळ. थंडीतल्या सकाळी मैदानावर पळून थांबलं की पाच-दहा मिनिटांत एखादं पोर खोकतं, छातीत शिट्टी वाजते. तोंडाने ओढलेल्या कोरड्या, गार हवेने श्वासनलिका आवळतात. आपण मात्र त्याला कामचुकार ठरवून मोकळे! नाहीतर घरून चिठ्ठी, ‘पी.टी.तून सूट द्यावी.’ ही सूटच मला पटत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला पंप पळण्याआधी १५ मिनिटं घ्यावा, अंग हळूहळू गरम करावं आणि खुशाल पळावं. पंपाची सवय लागते, हा (आमच्या पिढीचा लाडका) गैरसमज. पॉला रॅडक्लिफला शाळकरी वयापासून हाच त्रास. तिने २००३ची लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत जिंकली. फक्त तो पंप ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद नको, पोराच्या खिशात हवा.